स्वतः बसवलेला कार अलार्म: दहा महिने आणि एक अख्खा पावसाळा

आमच्या वाडीत गाडी दारापर्यंत येत नाही. पावस-पूर्णगड रस्त्यावर वडाच्या पाराशेजारी ती उभी करायची आणि पाखाडीच्या नव्वदेक पायऱ्या उतरून घरी यायचं. वर काय चाललंय ते घरातून दिसत नाही. गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर एका रात्री तिथूनच माझ्या अल्टोची बॅटरी गेली. काचेच्या रबरातून तार घालून दार उघडलं, आतून बॉनेटची खिटी ओढली, दोन नट सोडवले आणि नेली. मला कळलं ते सकाळी सातला, शाळेत जायला किल्ली फिरवली तेव्हा.

फेब्रुवारीत अलार्म बसवला. कंट्रोल बॉक्स, दोन रिमोट, सायरन, धक्का ओळखणारा सेन्सर, लाल एलईडी आणि चार दारांच्या लॉकच्या मोटरी, सगळं मिळून साडेतीन हजारांच्या आत. बसवणावळ वेगळी होती, पण मी हे काम स्वतः हाती घेतलं ते पैसे वाचवण्यासाठी नाही. कोणती वायर कुठे गेली आहे ते मला माहीत हवं होतं. रात्री दोनला काही बिघडलं तर वर जाणार मीच, रत्नागिरीहून कोणी येणार नाही.

किटसोबतच्या कागदावर फक्त किटच्या वायरींचे रंग असतात, तुमच्या गाडीचे नाहीत. त्यामुळे मल्टिमीटरशिवाय हे काम सुरूच करू नका. काळं टोक बॉडीच्या उघड्या नटाला धरायचं आणि लाल टोकाने एकेक वायर तपासायची. किल्ली काढलेली असतानाही साडेबारा व्होल्ट दाखवते ती कायम चालू वायर. किल्ली ऑनवर नेल्यावर बारा दाखवते आणि स्टार्टर मारतानाही टिकून राहते ती इग्निशनची. स्टार्टर मारताना जी शून्यावर येते ती ऍक्सेसरीची, म्हणजे रेडिओ वगैरेची. मी पहिल्या दिवशी इथेच चुकलो आणि इग्निशनची समजून ऍक्सेसरीची वायर जोडली. गाडी सुरू करताना दारं टकटक करत लॉक व्हायची, उघडायची, पुन्हा लॉक व्हायची, कारण बॉक्सला वाटायचं की किल्ली बंद होऊन परत चालू झाली. तास गेला, पण कारण सापडलं.

पिवळ्या आवरणातल्या वायरींना मात्र हात लावू नका, मीटरचं टोकसुद्धा नाही. त्या एअरबॅगच्या असतात. आणि जोडाजोडीआधी बॅटरीचं निगेटिव्ह काढून ठेवा.

सगळ्यात जास्त वेळ दारांनी खाल्ला. दाराच्या आतल्या बाजूच्या पॅडमागे प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. काचेवरून आत उतरलेलं पाणी दाराच्या पत्र्यातल्या भोकांतून खाली जावं, पॅडमध्ये शिरू नये, यासाठी तो असतो. मोटर लॉकच्या दांडीच्या ओळीतच सरळ बसली पाहिजे, तिरकी बसली तर जोर वाया जातो. भोक पाडण्याआधी काच पूर्ण खाली करून मागे किती जागा उरते ते बघून घ्या. तीन दारांचा कागद मी नीट परत चिकटवला. चौथ्याचा, मागच्या डावीकडचा, अंधार पडल्यामुळे घाईत तसाच दाबून दिला. जुलैत त्या पॅडची खालची कड भिजून फुगली.

पहिले चार महिने जोडण्यांची एकही तक्रार नव्हती. खरी परीक्षा मृगानंतर झाली.

जूनच्या शेवटी रात्री पावणेदोनला आईने हाक मारली, "अरे, गाडी ओरडत्येय वरती." टॉर्च आणि काठी घेऊन पायऱ्या चढलो. गाडीजवळ कोणी नाही, काच शाबूत, दारं बंद. रिमोटने थांबवला, घरी आलो, अर्ध्या तासात पुन्हा तेच. तीन रात्री असं चाललं. चौथ्या दिवशी उजेडात बॉनेट उघडलं. बॉनेट उघडल्याचं कळवणारा छोटा पिनचा स्विच असतो. पिन वर आली की वायर बॉडीला टेकते, आणि बॉक्सच्या लेखी बॉनेट उघडलं. त्या पिनभोवती ओला, पांढरट-तांबूस थर जमला होता. समुद्र आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. खारा दमटपणा तिथे साचला की त्यातूनच थोडा करंट बॉडीकडे झिरपतो, पिन हललेली नसतानाही.

त्याच वायरीचा जोड उघडला तेव्हा जास्त वाईट वाटलं. पीळ देऊन वर इन्सुलेशन टेप, असा जोड मी बॉनेटखाली चार ठिकाणी केला होता. टेपचा डिंक चिकट होऊन घसरला होता आणि आतलं तांबं हिरवं पडलं होतं. चिमटीत धरलं तर दोन तारा मोडून भुकटीसारख्या बोटाला लागल्या. पाच महिन्यांत! घाटावर असा जोड वर्षानुवर्षं टिकत असेल, किनाऱ्यावर टिकत नाही. कोकणात हे काम करणाऱ्या प्रत्येकाला मला हीच एक गोष्ट जीव तोडून सांगायची आहे: टेपच्या भरवशावर एकही जोड सोडू नका.

गाडी देवळापाशी नेली, सभामंडपातल्या प्लगवरून सोल्डरिंग आयर्न चालवलं आणि चारही जोड कापून नव्याने केले. तांबं चकचकीत दिसेपर्यंत वायर मागे सोलायची, डाग द्यायचा, वर हीट श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवून दोन्ही तोंडं घट्ट बसेपर्यंत तापवायची. डाग दिलेली जागा ताठ होते आणि गाडीच्या थरथरीने तिच्या कडेला वायर तुटू शकते, म्हणून जोडाच्या दोन्ही बाजू क्लिपने बांधून टाकल्या. पिन पॉलिश पेपरने घासली, पेट्रोलियम जेली लावली, वर रबरी टोपी घातली. तेव्हापासून आजपर्यंत बॉनेटमुळे एकदाही अलार्म वाजलेला नाही.

सायरनचं तोंड जमिनीकडे ठेवा. मी आडवं ठेवलं होतं, पाणी साचलं आणि आवाज बसला. वाळवून खाली तोंड करून लावल्यावर पूर्ववत झाला.

धक्क्याचा सेन्सर मी पत्र्याला घट्ट बांधला आहे. सुरुवातीला स्क्रू फिरवून तो फार नाजूक ठेवला होता. पहाटे चिरे भरलेला डंपर गेला तरी वाजायचा. हस्ताच्या गडगडाटात तर शेजारच्या काकांनी निरोप पाठवला, "मास्तर, तेवढं त्या गाडीचं बघा." त्यांची झोप मोडली याचं मला फार वाईट वाटलं. आता स्क्रू निम्म्याच्या खाली आहे. वानर टपावर उडी मारतं तेव्हा मात्र वाजतो, त्याला इलाज नाही. दारं आणि बॉनेट यांचे स्विच ठीक असतील तर सेन्सर थोडा मंद असलेला चालतो.

बॅटरी उतरण्याची भीती अनेकांना असते, म्हणून मी मोजलं. निगेटिव्हची वायर काढून ती आणि बॅटरी यांच्या मध्ये मीटर जोडला, १० अँपिअरच्या खोबणीत, आणि बॉक्स शांत होईपर्यंत दहा मिनिटं थांबलो. मीटर असा लावलेला असताना चुकूनही किल्ली फिरवू नका, त्याचा फ्यूज उडेल किंवा मीटरच जळेल. आकडा आला १८ मिलीअँपिअर. म्हणजे दिवसाला ०.४३ अँपिअर-तास, तीन आठवड्यांत साधारण ९. माझी बॅटरी ३५ ची आहे. मेमध्ये तीन आठवडे आम्ही पुण्याला होतो, आल्यावर गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली.

अलार्म लागलेला असताना स्टार्टरची वीज तोडणारा रिले (विजेवर चालणारा स्विच) मी मुद्दाम बसवला नाही. शिकाऊ हाताचा एक कच्चा जोड त्या वायरीत राहिला तर आंबा घाटात रात्री गाडी बंद करून पुन्हा सुरू होणार नाही. तुम्हाला बसवायचाच असेल तर स्टार्टरच्या वायरीतच बसवा. इंजिनला पेट्रोल पुरवणाऱ्या गाडीतल्या पंपाची वायर तोडणारी जोडणी चालत्या गाडीचं इंजिन बंद पाडू शकते.

विम्यात सूट मिळेल या आशेने हे करू नका. ती पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेने मान्यता दिलेल्या उपकरणाला असते आणि बसवल्याचा दाखला लागतो. तीही ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या, हप्त्यावर अडीच टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये.

रिमोट घरातून चालत नाही, पाखाडीच्या मध्यापर्यंत यावं लागतं. सायरन मात्र माजघरात स्पष्ट ऐकू येतो, आणि मला तेवढंच हवं होतं. मागच्या डाव्या दाराचं लॉक अजून जरा जड चालतं. नाताळच्या सुट्टीत ते पॅड पुन्हा काढणार आहे, नवा कागद आणि चिकटपट्टी आणून ठेवली आहे.