वाइड रिसीव्हर अकॅडमीचा रिव्ह्यू: ट्रेनिंग जरूर घ्या, रिक्रूटिंग पॅकेज घेऊ नका

डॅलसच्या आसपास राहणारे आणि ज्यांची मुलं हायस्कूलमध्ये अमेरिकन फुटबॉल खेळतात, त्यातही वाइड रिसीव्हर (क्वार्टरबॅकने फेकलेला बॉल धावत जाऊन पकडणारे) आहेत, अशा मराठी आईबाबांसाठी हे लिहितेय. आमचा मुलगा गेल्या ऑफ-सीझनपासून एका प्रायव्हेट रिसीव्हर अकॅडमीत जातोय. नाव देत नाहीये कारण चांगलं आणि वाईट दोन्ही सांगायचंय, आणि अशा अकॅडम्या आता सगळीकडे निघाल्यात, कोच वेगळा पण विकायच्या गोष्टी साधारण त्याच, एक म्हणजे मैदानावरचं ट्रेनिंग आणि दुसरं म्हणजे "रिक्रूटिंग पॅकेज", म्हणजे तुमच्या मुलाला कॉलेजच्या कोचेसपर्यंत पोचवतो असं सांगून घेतलेले वेगळे पैसे.

आधी ट्रेनिंगचं सांगते कारण ते खरंच फार चांगलं आहे. इनडोअर टर्फ, लहान ग्रुप, आणि कोच स्वतः कॉलेजला रिसीव्हर खेळलेला. सुरुवातीला त्याने पोरांना बॉलला हातच लावू दिला नाही. नुसता स्टान्स, पहिलं पाऊल आणि रिलीज, म्हणजे लाइनवरून सुटणं. माझा नवरा थोडा वैतागला होता, म्हणे पैसे भरून पोरं नुसती पाय हलवतायत, पण कोचने त्याला बाजूला घेऊन शांतपणे समजावलं की हायस्कूलमध्ये बरेच डीबी (डिफेन्सिव्ह बॅक, रिसीव्हरला अडवणारे) सात यार्ड मागे उभे असतात, तिथे नुसता वेग असला तरी चालून जातं, कॉलेजला गेल्यावर मात्र समोरचा कॉर्नर, म्हणजे कडेचा डीबी, नाकासमोर येऊन प्रेस करतो, हात छातीवर मारतो, आणि तिथे ज्याला सुटता येत नाही त्याचे हात कितीही चांगले असले तरी क्वार्टरबॅक त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. एनएफएल ह्या प्रोफेशनल लीगमध्ये नाव कमावलेल्या डावान्टे ॲडम्सचे जुने व्हिडिओ दाखवले त्याने, फ्रेस्नो स्टेटचा मुलगा, कम्बाइनला (ड्राफ्टआधीच्या एनएफएलच्या चाचणीला) ४० यार्ड, म्हणजे "फोर्टी", ४.५६ सेकंदांत धावलेला, म्हणजे पहिल्या फळीतल्या रिसीव्हर्समध्ये काही वेगवान नाही, पण लाइनवरून असा सुटतो की डीबीचे खांदे भलतीकडे वळलेले असतात.

मग ब्रेक, म्हणजे धावता धावता एकदम थांबून वळणं. माझ्या मते इथेच फी वसूल होते. पोरांना जोरात धावता येतं पण जोरात थांबता येत नाही, आणि कर्ल, कमबॅक, डिग ह्या सगळ्या रूटमध्ये (रूट म्हणजे रिसीव्हरने धावायचा ठरलेला मार्ग) खरं काम थांबण्याचं आहे. कंबर खाली, छाती गुडघ्यांच्या वर, शेवटची पावलं आखूड, आणि वळायच्या आधी डोकं किंवा खांदे सांगून टाकायचे नाहीत. कोच मागून व्हिडिओ काढतो, मग तिथेच टॅबवर स्लो करून दाखवतो की बघ, तू कट मारायच्या दोन पावलं आधीच उभा झालास, आता डीबीला कळलं. आमच्या मुलाला शाळेत हे कुणी सांगितलं नव्हतं कारण शाळेत एक रिसीव्हर कोच आणि भरपूर पोरं, त्यांच्याकडे वेळच नसतो, त्यांना दोष नाही देत मी. काही महिन्यांनी शाळेच्या स्प्रिंग प्रॅक्टिसमध्ये हाच मुलगा आउट रूटवर मोकळा सुटलेला दिसला तेव्हा मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही, अंतर दिसत होतं.

स्टेम हा आणखी एक प्रकार, म्हणजे रूटचा सरळ धावायचा भाग. तिथे डीबी आतल्या बाजूला उभा आहे की बाहेरच्या, ते बघून त्याच्याच खांद्यावर धावून जायचं, त्याला आपली जागा सोडायला लावायची आणि मग वळायचं. बॉल येताना हात अगदी शेवटच्या क्षणी वर काढायचे, नाहीतर बॉलकडे पाठ असलेल्या डीबीला आपले हात बघूनच कळतं की बॉल आला. एका हाताचे कॅच ह्या कोचने ग्रुपमध्ये सरळ बंद केलेत. पोरांना ते रीलसाठी हवे असतात, तो म्हणतो आधी दोन्ही हातांनी शंभर टक्के पकडा. त्याऐवजी सेशनच्या शेवटी बॉल फेकायच्या मशीनसमोर उभं करतो, जवळून, अंग वळवून, खांद्यावरून, घोट्याजवळ. यूएससी कॉलेजात खेळलेला आमोन-रा सेंट ब्राउन प्रॅक्टिसनंतर मशीनवर २०२ कॅच घेतो हे तिथल्या प्रत्येक पोराला पाठ आहे, आणि २०२१ च्या ड्राफ्टमध्ये (एनएफएलच्या टीम कॉलेजचे खेळाडू निवडतात तेव्हा) त्याला चौथ्या राउंडपर्यंत थांबावं लागलं होतं हेही.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तो त्यांना मैदान शिकवतो. हायस्कूलमध्ये हॅश मार्क्समधलं, म्हणजे मैदानाच्या मधल्या खुणांच्या दोन रांगांमधलं, अंतर ५३ फूट ४ इंच, कॉलेजमध्ये ४० फूट, एनएफएलमध्ये जेमतेम १८ फूट ६ इंच. त्यामुळे कॉलेजला बॉल एका हॅशवर ठेवला की एक बाजू प्रचंड मोठी आणि दुसरी अगदी अरुंद होते, आणि त्या अरुंद बाजूला, ज्याला ते बाउंड्री म्हणतात, बऱ्याचदा एकटा मोठा रिसीव्हर उभा करतात, तिथे मदतीला कुणी नाही, जागा नाही, प्रेस नक्की. मोठ्या बाजूला वेगवान पोरं, आणि स्लॉटमध्ये, म्हणजे लाइन आणि बाहेरचा रिसीव्हर ह्यांच्या मधल्या जागेत, ज्याला झोन वाचून मोकळ्या जागेत थांबता येतं तो. म्हणजे "माझा मुलगा रिसीव्हर आहे" एवढं म्हणून पुरत नाही, कुठला रिसीव्हर ते कळलं पाहिजे, कारण कॉलेजं तशीच शोधतात. आमचा उंच नाहीये, त्याला कोचने पहिल्याच महिन्यात सांगितलं की तू स्लॉट, तुला ऑप्शन रूट (डीबी बघून आयत्या वेळी ठरवायचा) आणि ब्लॉकिंग आलंच पाहिजे. हो, ब्लॉकिंगही शिकवतात, आणि पालकांनो त्याला नाक मुरडू नका, रन प्लेला जो रिसीव्हर डीबीला अडवत नाही तो फिल्मवर लगेच दिसतो.

ट्रेनिंगच्या तक्रारी दोनच. उन्हाळ्यात ग्रुप फुगतो, फी तीच राहते आणि पोरांना रांगेत उभं राहावं लागतं. आणि खांदा किंवा हॅमस्ट्रिंग दुखत असेल तर तिथे बघायला फिजिओ किंवा ट्रेनर नाही, तुम्हालाच लक्ष ठेवावं लागतं. फी महिन्याला काही शे डॉलर आहे, कमी नाही, तरी मी परत भरेन.

त्यांची सेव्हन-ऑन-सेव्हन टीमही आहे. खेळायला मजा येते, रेप्स, म्हणजे प्रत्यक्ष खेळायच्या फेऱ्या, भरपूर मिळतात, पण तिथे लाइनमन नाहीत, पॅड नाहीत, टॅकल नाही, त्यामुळे मधल्या भागात बॉल पकडताना लागणारी हिंमत तिथे तपासली जात नाही. त्यातच सगळे वीकेंड घालवू नका, विशेषतः ट्रॅक सोडून तर अजिबात नको, त्याचं कारण पुढे येतंय.

आता पॅकेज. ह्यात काय देतात तर एक प्रोफाइल पेज, एडिट केलेली हायलाइट फिल्म, शेकडो कॉलेजांना एकाच वेळी ईमेल, आणि "एक्स्पोजर कॅम्प"ची सीट. ऐकायला छान वाटतं आणि ज्या आईबाबांना ही सिस्टीम माहीत नाही, म्हणजे आपल्यासारखे, जे स्वतः इथल्या शाळेत शिकलेले नाहीत, त्यांना तर जास्तच छान वाटतं. आम्ही एक ओळखीचं कुटुंब जवळून बघितलं ज्यांनी हे घेतलं. त्यांच्या मुलाला दहावीत असताना मोठमोठ्या कॉलेजांच्या नावाने कॅम्पची आमंत्रणं आली आणि पॅकेज विकणाऱ्याने ती "इंटरेस्ट" म्हणून दाखवली. एनसीएएचा, म्हणजे कॉलेज खेळांच्या संघटनेचा, नियम असा आहे की डिव्हिजन वन ह्या सगळ्यात वरच्या गटातले फुटबॉल कोचेस ज्युनियर इयरच्या (अकरावीच्या) १ सप्टेंबरच्या आधी मुलाला रिक्रूटिंगचा ईमेल किंवा मेसेज पाठवूच शकत नाहीत, त्याच्या आधी फार तर कॅम्पचं माहितीपत्रक किंवा एखादी प्रश्नावली येते, आणि ती अक्षरशः ढिगाने पाठवतात. कॅम्प पैसे भरून असतो. आमंत्रण म्हणजे ऑफर नव्हे, एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी खूप पैसे वाचतील.

कॉलेजचा रिसीव्हर कोच मुलगा कसा शोधतो ते बघा म्हणजे पॅकेजमध्ये काय कमी आहे ते कळेल. तो शाळेच्या हेड कोचला फोन करतो. फिल्म बघतो, आणि सुरुवातीच्या काही क्लिप्समध्ये काही दिसलं नाही तर पुढे बघत नाही, तिथे म्युझिक आणि चमचमती अक्षरं कामाची नाहीत. ट्रॅकचं टायमिंग बघतो, कारण कॅम्पमध्ये हाताने घेतलेल्या फोर्टीवर कुणाचा विश्वास नसतो पण १०० मीटरचं इलेक्ट्रॉनिक टायमिंग मीटच्या निकालात छापलेलं असतं. मग स्वतःच्या कॅम्पला बोलावून स्वतःच्या डोळ्यांनी बघतो, उंची हात मोजतो, आणि चुकलेल्या रेपनंतर पोरगा कसा वागतो तेही बघतो.

ख्रिस ओलावे नावाच्या रिसीव्हरची गोष्ट आमच्या कोचची फार आवडती आहे. ओहायो स्टेटचा कोच रायन डे कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोसमधल्या मिशन हिल्स हायस्कूलला गेला होता तो जॅक टटल नावाच्या क्वार्टरबॅकला बघायला, आणि बॉल पकडणारा मुलगाच त्याच्या नजरेत भरला. ओलावे शाळा बदलल्यामुळे ज्युनियर सीझन खेळूच शकला नव्हता, त्यामुळे कुणाच्या यादीत वर नव्हता, थ्री-स्टार होता (रिक्रूटिंगच्या रेटिंगमध्ये पाचपैकी तीन). २०२२ मध्ये तो ड्राफ्टमध्ये अकरावा गेला, त्याचाच टीममेट गॅरेट विल्सन दहावा. ब्रायन हार्टलाइन तिथे रिसीव्हर्सचा कोच असताना २०२२ ते २०२५ ह्या चार ड्राफ्टमध्ये ओहायो स्टेटचे पाच रिसीव्हर पहिल्या राउंडमध्ये गेले, बाकीचे तिघे म्हणजे स्मिथ-एन्जिग्बा, मार्विन हॅरिसन ज्युनियर आणि एग्बुका. त्यात फाइव्ह-स्टार होतेच, पण ओलावेही होता. आणि कूपर कपला तर याकिमाच्या शाळेतून एकाही एफबीएस (डिव्हिजन वनमधला वरचा गट) कॉलेजची ऑफर नव्हती, ईस्टर्न वॉशिंग्टनला गेला, कम्बाइनला ४.६२ धावला आणि पुढे सुपर बोलचा एमव्हीपी झाला. पॅकेजवाले हीच नावं त्यांच्या जाहिरातीत वापरतात पण ह्यातलं कुणीही एकगठ्ठा पाठवलेल्या ईमेलमुळे सापडलेलं नाही.

दुसरं म्हणजे काळ बदललाय आणि पॅकेज अजून जुन्या काळातलंच आहे. २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची यादी) आलं, २०२१ मध्ये एनआयएल (खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमवायची मुभा), आणि जून २०२५ मध्ये कोर्टाने हाउस सेटलमेंट (खेळाडूंनी एनसीएएवर केलेल्या खटल्यातली तडजोड) मंजूर केल्यापासून ज्या शाळांनी ते स्वीकारलं त्यांच्या फुटबॉल रोस्टरला १०५ ची मर्यादा आली. आधी ८५ स्कॉलरशिप आणि वर कितीही वॉक-ऑन (स्कॉलरशिपशिवाय खेळणारे) असं चालायचं, आता वॉक-ऑनची जागाच आक्रसली. त्यात कोचला रिसीव्हर हवा असेल तर तो सतरा वर्षांच्या मुलाची वाट बघण्यापेक्षा पोर्टलमधून दोन सीझन खेळलेला तयार मुलगा घेतो. जेम्सन विल्यम्स ओहायो स्टेटमध्ये मागे पडला होता, २०२१ ला अलाबामाला गेला आणि एका सीझनमध्ये १५७२ यार्ड. असे खेळाडू उपलब्ध असतील तर हायस्कूलच्या मधल्या फळीतल्या मुलाला एफसीएस (डिव्हिजन वनमधला खालचा गट), डिव्हिजन टू, किंवा अभ्यासात चांगला असेल तर आयव्ही लीग आणि डिव्हिजन थ्री हे रस्ते गंभीरपणे बघावे लागतात. शेवटच्या दोन्हींत ॲथलेटिक स्कॉलरशिप नाही पण गरजेनुसार फायनान्शियल एड मिळते, आणि हे पॅकेजच्या मीटिंगमध्ये कुणी उच्चारलंसुद्धा नाही.

अभ्यासाचंही तेच. डिव्हिजन वनला १६ कोअर कोर्स लागतात, त्यातले १० सीनियर इयर (बारावी) सुरू व्हायच्या आधी झालेले हवेत, कोअर जीपीए किमान २.३. हे काउन्सेलरकडे नववीतच जाऊन विचारा, फुकट आहे.

आम्ही शेवटी पॅकेज घेतलं नाही. मुलाने स्वतःच फिल्म कापली, हुडल ह्या फिल्म टाकायच्या साइटवरच, सगळ्यात चांगले प्ले आधी, प्रत्येक क्लिपच्या सुरुवातीला आपण कुठे उभे आहोत ते दाखवणारा बाण, आणि दोन ब्लॉकही मुद्दाम टाकले. मग जिथे त्याच्या मापाचा स्लॉट रिसीव्हर खरोखर खेळतो अशी कॉलेजं शोधली, त्यांच्या रिसीव्हर कोचला नावाने, स्वतःच्या भाषेत, छोटा ईमेल. शाळेच्या कोचला कळवूनच. १ सप्टेंबरनंतर दोन एफसीएस कॉलेजांकडून माणसाने लिहिलेली उत्तरं आली, एकाने तर त्याच्या एका ठराविक रूटबद्दल प्रश्न विचारला होता! ऑफर अजून नाहीये आणि येईलच असं मी म्हणत नाही. पण तो प्रश्न ज्या रूटबद्दल होता तो ह्याच अकॅडमीत शिकलेला कमबॅक होता, म्हणून ट्रेनिंगला माझ्याकडून पाचपैकी साडेचार आणि पॅकेजला एक.

जायचं असेल तर मुलगा निदान आठवीत असू दे, त्याच्या आधी सगळे खेळ खेळू देत. पैसे भरायच्या आधी एक ट्रायल सेशन मागा, देतात, आणि तेव्हा बॉल कोण पकडतंय ते बघू नका, कोच पोरांच्या पायांकडे बघून काही बोलतोय का ते बघा. जानेवारीतले संध्याकाळचे स्लॉट थँक्सगिव्हिंगच्या आसपासच भरतात, तेव्हा फोन त्याच्या आधी करा, आणि फॉर्मवर पॅकेजचा चौकोन आधीच टिक केलेला असतो, तो काढून मगच सही करा.