८६ च्या स्पीडला पकडलं तर? कुठल्या स्टेटमधे पैसे भरून मोकळं व्हायचं आणि कुठे अजिबात नाही

दर उन्हाळ्यात रोड ट्रिप्स सुरू झाल्या की आमच्या ओळखीत कुणाला ना कुणाला स्पीडिंगचं तिकीट मिळतंच, आणि मग फोन येतो की "ताई, ऑनलाइन भरून टाकू का, की वकील करू?" दंड किती हे मी नंतर विचारते. आधी विचारते तिकीट कुठल्या स्टेटचं आहे. कारण अमेरिकेत सगळ्या देशाला एकच स्पीड लिमिट होतं ते १९७४ पासून १९९५ पर्यंतच, तेही पेट्रोल वाचवायला म्हणून, सुरुवातीला ताशी ५५ मैलांचं, आणि ते गेल्यापासून प्रत्येक स्टेटचं लिमिट वेगळं, शिक्षा वेगळी, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गुन्हा कशाला म्हणायचं तेही वेगळं. मी वकील नाही, पण हे सगळं आम्ही स्वतः निस्तरलंय म्हणून लिहितेय.

तुलना करायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण धरू. हायवे, लिमिट ६५ मैल, तुम्ही ८६ ला पकडले गेलात, म्हणजे २१ मैल वर. आधीचं एकही तिकीट नाही.

न्यू जर्सीपासून सुरू करते कारण आम्ही इथे राहतो. इथे हे साधं ट्रॅफिकचं उल्लंघन आहे, क्रिमिनल काही नाही. लिमिटच्या वर १४ मैलांपर्यंत लायसन्सवर २ पॉइंट्स (म्हणजे चुकीचे गुण), १५ ते २९ ला ४, आणि ३० किंवा जास्त असेल तर ५. म्हणजे आपल्या उदाहरणात ४ पॉइंट्स, शिवाय दंड दुप्पट. तीन वर्षांत ६ पॉइंट्स झाले की एमव्हीसी (जर्सीचं लायसन्सचं खातं) वेगळा सरचार्ज लावते, १५० डॉलर आणि पुढच्या प्रत्येक पॉइंटला २५, आणि १२ झाले की लायसन्स सस्पेंड. आता इथे निवड काय आहे, तर गप पैसे भरून ४ पॉइंट्स घ्यायचे, किंवा म्युनिसिपल कोर्टाच्या तारखेला हजर राहून प्रॉसिक्युटरशी, म्हणजे सरकारी वकिलाशी, बोलायचं आणि ते तिकीट "अनसेफ ड्रायव्हिंग" मधे बदलून मिळतंय का बघायचं. त्याला शून्य पॉइंट्स, पण दंडाच्या वर २५० डॉलरचा सरचार्ज बसतो, आणि पाच वर्षांत तिसऱ्यांदा केलंत तर त्यालाही ४ पॉइंट्स लागतात. माझं मत असं की ४ पॉइंट्सचं तिकीट असेल तर कोर्टात जाच, पण २ पॉइंट्सचं असेल आणि रेकॉर्ड स्वच्छ असेल तर आधी इन्शुरन्सचा फरक किती पडेल ते विचारून घ्या, कारण वर्षभर काही झालं नाही तर एमव्हीसी ३ पॉइंट्स वजा करते. फक्त इन्शुरन्स कंपनी हे सगळं आपल्या पद्धतीने मोजते, पॉइंट्स गेले म्हणून प्रीमियम लगेच खाली येईल असं धरू नका.

न्यूयॉर्कमधे त्याच ८६ ला ६ पॉइंट्स. दंड ९० ते ३०० डॉलर, कोर्टाचा सरचार्ज वेगळा, आणि ६ पॉइंट्स झाले की "ड्रायव्हर रिस्पॉन्सिबिलिटी असेसमेंट" नावाचं बिल येतं, वर्षाला १०० असं तीन वर्षं. हे बाहेरच्या स्टेटच्या लायसन्सवाल्यांनाही लागू आहे, आणि इथेच आपली जर्सीची माणसं फसतात, कारण त्यांनी कुठूनतरी ऐकलेलं असतं की बाहेरच्या स्टेटच्या तिकिटाला जर्सी फक्त २ पॉइंट्स लावते. ते खरंच आहे. पण न्यूयॉर्क आपल्या वहीत तुमच्या नावाने ६ लिहितं आणि बिल पाठवतं ते पाठवतंच. लढायचं की नाही हे तिकीट कुठे मिळालं त्यावर ठरवा, कारण न्यूयॉर्क सिटीच्या पाचही बरोमधली (विभागांमधली) तिकिटं ट्रॅफिक व्हायोलेशन्स ब्युरोत जातात आणि तिथे तडजोड नसतेच, एकतर दोषी नाहीतर निर्दोष. वर अपस्टेटला गावातल्या कोर्टात मात्र बोलणी होतात आणि पॉइंट्स कमी करून मिळू शकतात. आणि सिटीतल्या कॅमेऱ्याचं ५० डॉलरचं तिकीट घरी आलं असेल तर ते गाडीच्या मालकाच्या नावाने असतं, त्याला पॉइंट्स नसतात. त्यात फोटोतली गाडी आणि नंबर आपलाच आहे ना एवढं बघा आणि भरून टाका.

आता व्हर्जिनिया. हा सगळा लेख मी खरं तर ह्याच्यासाठी लिहितेय.

दोन वर्षांपूर्वी आम्ही एडिसनहून नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅली शहरात दिराकडे निघालो होतो, पीटर्सबर्ग ओलांडून आय-८५ ला लागलो, रस्ता रिकामा, ७० चं लिमिट, गाडी मी चालवत होते आणि ८८ ला ट्रूपरने, म्हणजे स्टेटच्या पोलिसाने, थांबवलं. अगदी नम्रपणे बोलला, कागदावर सही घेतली आणि गेला. कागदावर दंडाचा आकडाच नव्हता, फक्त कोर्टाची तारीख. आम्हाला वाटलं बिल मागाहून येईल. रात्री दिराने कागद बघितला आणि म्हणाला, "वहिनी, हे तिकीट नाहीये, रेकलेस ड्रायव्हिंगचा चार्ज आहे हा." त्या रात्री मला झोप लागली नाही.

व्हर्जिनियात लिमिटच्या २० किंवा जास्त मैल वर असाल, किंवा लिमिट काहीही असलं तरी ८५ च्या वर असाल, तर ते रेकलेस ड्रायव्हिंग, म्हणजे बेदरकारपणे गाडी चालवणं, होतं. आधी हा आकडा ८० होता, जुलै २०२० पासून ८५ झाला. मी लिमिटच्या फक्त १८ मैल वर होते पण ८५ ओलांडलं होतं, तेवढं पुरलं. आपलं ८६ चं उदाहरण तर दोन्हीकडून सापडतं. आणि हा क्लास वन मिस्डिमीनर आहे, म्हणजे क्रिमिनल गुन्हा, ज्याला जास्तीत जास्त बारा महिने जेल, २,५०० डॉलर दंड आणि सहा महिन्यांपर्यंत लायसन्स सस्पेंड होऊ शकतं. ८६ किंवा ८८ ला आणि स्वच्छ रेकॉर्डला जेल होणं अवघड आहे, उगाच घाबरू नका, पण दोषी ठरलात तर डीएमव्हीच्या (व्हर्जिनियाच्या लायसन्स खात्याच्या) रेकॉर्डवर ते ११ वर्षं राहतं आणि क्रिमिनल रेकॉर्डवर कायमचं. जर्सीत ज्याला ४ पॉइंट्स, तोच वेग इथे क्रिमिनल रेकॉर्ड. गाडी तीच, पाय तोच.

म्हणून इथे माझं उत्तर एकच आहे की वकील कराच, आणि त्याच काउंटीच्या कोर्टात रोज उभा राहणारा करा. रेकलेसच्या चार्जमधे ऑनलाइन पैसे भरून सुटायची सोयच नसते, आणि तारखेला कुणीच गेलं नाही तर प्रकरण अजून वाढतं. आमच्या वकिलाने तीन गोष्टी करायला लावल्या. जर्सीचं ड्रायव्हिंग रेकॉर्ड मागवायला लावलं, आठ तासांचा ड्रायव्हर इम्प्रूव्हमेंट कोर्स करायला लावला आणि गाडीचा स्पीडोमीटर तपासून त्याचं सर्टिफिकेट आणायला लावलं. तारखेला तो आमच्या वतीने गेला, आम्हाला सहा तास गाडी चालवत परत जावं लागलं नाही, आणि चार्ज साध्या स्पीडिंगवर आला. प्रत्येकाचं असंच होईल असं नाही, काही वेळा "इम्प्रॉपर ड्रायव्हिंग" वर येतो, काही वेळा येतही नाही. निकाल विरुद्ध गेला तर १० दिवसांत वरच्या सर्किट कोर्टात अपील करता येतं आणि तिथे केस पुन्हा पहिल्यापासून चालते, ते दिवस वाया घालवू नका. (आणि रडार डिटेक्टर लावून जायचा विचार असेल तर व्हर्जिनियात तोच बेकायदेशीर आहे.)

व्हर्जिनिया एकटी नाही हेही सांगते. नॉर्थ कॅरोलायनात ८० च्या वर किंवा लिमिटच्या १५ हून जास्त वर गेलात की मिस्डिमीनर. ॲरिझोनात ८५ च्या वर गेलं की क्रिमिनल स्पीडिंग, ३० दिवसांपर्यंत जेल आणि ५०० डॉलरपर्यंत दंड, आणि तिथे आय-४० वर लिमिट ७५ असतं त्यामुळे ग्रँड कॅन्यनला निघालेल्या माणसाला वाटतं ८६ म्हणजे काय, अकराच तर मैल वर आहे. इलिनॉयमधे २६ मैल वर गेल्यापासून मिस्डिमीनर सुरू होतं, म्हणजे ६५ ला ८६ हे अजून साधं तिकीट, पण शिकागोजवळ जिथे ५५ ची पाटी आहे तिथे त्याच ८६ ला सहा महिन्यांपर्यंत जेलची तरतूद आहे. जॉर्जियात तर कायद्याने साधं स्पीडिंगही मिस्डिमीनरच असतं, आणि ८५ किंवा जास्त झालं की "सुपर स्पीडर" म्हणून स्टेट वेगळे २०० डॉलर मागते, कोर्टाचा दंड भरून झाल्यावर काही दिवसांनी पत्र येतं आणि ते पत्र लोक जाहिरात समजून टाकून देतात, मग लायसन्स सस्पेंड.

ह्याच्या उलट कॅलिफोर्निया. तिथे खिशाला फटका जास्त पण माणूस सुटतो. ८६ ला मूळ दंड फक्त ७० डॉलर, पण त्यावर इतके असेसमेंट्स चढतात की साडेतीनशेच्या पुढे जातो. पॉइंट एकच. आणि १८ महिन्यांत एकदा ट्रॅफिक स्कूल करता येतं, केलं की तो पॉइंट इन्शुरन्स कंपनीला दिसत नाही, म्हणून बहुतेकांसाठी तेच बरं. पूर्ण दंड आणि वर स्कूलची फी असे दोन्ही खर्च येतात, तरी. लढायचंच असेल तर कोर्टात न जाता लेखी बाजू मांडायची सोय आहे, आधी पैसे भरावे लागतात, जिंकलात तर परत मिळतात, आणि हरलात तरी २० दिवसांच्या आत प्रत्यक्ष सुनावणी मागता येते. फक्त १०० च्या वर गेला असाल तर हे काही धरू नका, तिथे २ पॉइंट्स आणि लायसन्स सस्पेंड व्हायची शक्यता आहे.

टेक्सासचं थोडक्यात. ऑस्टिन ते सॅन अँटोनिओच्या बाजूला टोल रोड १३० वर लिमिटच ८५ आहे, देशात सगळ्यात जास्त, तिथे आपलं ८६ म्हणजे एक मैल वर. बाकी रस्त्यांवर २५ पेक्षा कमी वर असाल तर वर्षातून एकदा डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगचा कोर्स करून तिकीट रद्द होतं, पण टेक्सासचंच लायसन्स लागतं आणि तिकिटावरच्या तारखेच्या आत मागावं लागतं. पॉइंट्सचा सरचार्ज २०१९ मधेच बंद झालाय.

व्हिसावर असलेल्यांसाठी अजून एक, आणि हे फार कमी लोक आधी विचारतात. मुंबईला स्टॅम्पिंगला जाताना डीएस-१६० फॉर्ममधे कधी अटक झाली का, कुठल्याही गुन्ह्यात दोषी ठरलात का असा प्रश्न असतो. कॅलिफोर्नियाच्या तिकिटाने तिथे काही होत नाही, पण व्हर्जिनिया किंवा ॲरिझोनाचं मिस्डिमीनर अंगावर असेल तर तिथे काय लिहायचं ते इमिग्रेशन वकिलाला विचारूनच लिहा, आणि शक्यतो ट्रॅफिकच्या वकिलाला पहिल्याच फोनमधे सांगा की मी एच-१बी वर आहे, म्हणजे चार्ज कशावर आणायचा हे तो त्या हिशोबाने बघेल. केस संपली की कोर्टातून निकालाची सर्टिफाइड कॉपी काढून घ्या. आमची पासपोर्टच्या फाइलमधेच लावून ठेवलीय, प्रत्येक भारतवारीला बरोबर असते.