१८,५०० चा सेट आणि १५० चं रबर: खळ्यात बसवलेल्या शॉकअपचं एक वर्ष

शॉकअपच्या (शॉक अॅब्झॉर्बरच्या) कंपनीने वॉरंटी नाकारली. कारणं दोन ओळींत दिलीत: बसवणी मान्यताप्राप्त वर्कशॉपमध्ये झालेली नाही, आणि डस्ट कव्हर, म्हणजे शॉकअपच्या दांड्यावरचं रबर, फाटलेलं आहे. पहिल्या कारणावर मी महिनाभर भांडलो असतो. दुसऱ्यावर भांडता येत नाही, कारण त्या फाटलेल्या कव्हरचा फोटो मीच पाठवला होता.

गाडी २०१३ ची डिझेल स्विफ्ट. गेल्या फेब्रुवारीत १,३८,००० किलोमीटर झाले होते. पुढचे शॉकअप पार गेलेले. बॉनेट दाबून सोडलं की गाडी पाळण्यासारखी तीनदा वरखाली व्हायची. मागच्या स्प्रिंगा बसलेल्या. आमचं घर देवगड तालुक्यात, सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या माळावर. आंब्याच्या दिवसांत डिकीत आणि मागच्या सीटवर मिळून १० पेट्या घालून महामार्गावरचं नांदगाव गाठायचं, म्हणजे पावणेदोनशे-दोनशे किलो नुसती मागे. त्या वजनाने मडफ्लॅप रस्ता झाडत जायचे आणि गाडीचं नाक वर झाल्यामुळे समोरून येणारा प्रत्येक जण डिपर मारून शिव्या द्यायचा.

गॅरेजवाल्याने नुसती मजुरी ३,५०० सांगितली, सामान वेगळं. त्या आकड्यापायी पुढचं सगळं रामायण. चार गॅसचे शॉकअप आणि चार स्प्रिंगा (मागच्या जाड तारेच्या, वजनासाठीच्या) असा सेट १८,५०० ला घरपोच मागवला. खोका उघडला तर शॉकअप आठ थर प्लास्टिकमध्ये, स्प्रिंगांचा रंग नव्या लोखंडी कपाटासारखा चकचकीत, आणि डस्ट कव्हर, बंपस्टॉप (शॉकअप पूर्ण दबला की आपटू नये म्हणूनचं रबर), माउंटिंग (शॉकअप वर जिथे बसतो तो भाग) यातलं काही नाही. जाहिरातीच्या फोटोत होतं. फोटोखाली बारीक अक्षरात 'चित्र प्रातिनिधिक'. हे वाक्य लक्षात ठेवा, त्यावर मी पुन्हा येणार आहे.

काम खळ्यात केलं, चुलतभाऊ मदतीला. ज्यांच्याकडे काँक्रीटचं अंगण आहे त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. सारवलेल्या खळ्यात जॅक वर जात नाही, जमिनीत जातो. पहिल्याच चाकाला जॅकचा तळ दोन बोटं आत रुतला आणि गाडी एका अंगावर कलली. मी कुंपणाजवळचा जांभ्याचा चिरा उचलला, तोच शेजारचे आबा पडवीतून ओरडले, "चिऱ्यार जॅक लावू नको हां झिला. चिरो फुटतलो नि तू खाली गावतलंस." बरोबर होतं त्यांचं. जांभा भिंतीत कितीही वजन घेतो, पण जॅकच्या टोकाखाली एका जागी भार आला की भुसा होतो. शेवटी मांगरातली (घरामागच्या खोपटातली) फणसाची जुनी फळी काढली, दीड इंच जाडीची, तिच्यावर जॅक, दुसऱ्या फळीवर दोन स्टँड. चिरे नुसते मागच्या चाकांना अडण म्हणून लावले. आबा तिथेच खुर्ची टाकून बसले ते संध्याकाळपर्यंत. "गॅरेजवालो मेलो काय?" हे त्यांनी दिवसभरात चार वेळा विचारलं.

समुद्र आमच्यापासून तीनेक किलोमीटर. त्याचा अर्थ नकलच्या (शॉकअप खाली ज्या चाकाच्या भागाला जोडतो त्याच्या) बोल्टांनी सांगितला. आदल्या रात्री गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवला होता, तरी डावीकडचा खालचा बोल्ट हलेना. पान्यावर पाइप चढवून त्यावर भावाला उभा केला, तेव्हा बंदुकीसारखा आवाज झाला आणि मला वाटलं बोल्ट तुटला. सुटला होता. काढण्याआधी नकल आणि शॉकअपच्या पट्टीवर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढून ठेवा. भोकात थोडी ढील असते. रेघेला रेघ जुळवून बसवलं तर चाकाचा कल निदान अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत जाण्याइतका जागेवर राहतो.

पुढच्या स्प्रिंगसाठी कॉम्प्रेसर लागतो. दोन लांब आट्यांचे रॉड आणि प्रत्येकाला दोन हूक. ओळखीच्या मेकॅनिककडून ५०० डिपॉझिट ठेवून आणला. मधला नट स्प्रिंग दाबल्याशिवाय सैल करायचा नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. हूक बरोबर समोरासमोर लावायचे आणि दोन्हीकडे आळीपाळीने थोडं थोडं पिळायचं, हेही मला माहीत होतं. तरी एका बाजूला घाईत सहा-सात आटे जास्त गेले आणि स्प्रिंग केळ्यासारखी वाकली. एक हूक तारेवरून चार बोटं सरकला. कर्र असा आवाज. भाऊ आणि मी दोघेही हात वर करून पोलिसांसमोर उभं राहावं तसे उभे. दाबलेल्या स्प्रिंगेत काहीशे किलोंचा जोर असतो, तिच्या तोंडासमोर आपलं तोंड ठेवायचं नाही. पाच मिनिटं कोणी काही बोललं नाही, मग उलट पिळत पिळत सगळं सोडून नव्याने हूक लावले. ३,५०० मजुरी तेवढी पाच मिनिटं मला स्वस्त वाटली.

मागचं काम सोपं. तिथे स्प्रिंग आणि शॉकअप वेगळे, कॉम्प्रेसर लागत नाही. दोन्ही शॉकअपचे खालचे बोल्ट काढून अॅक्सल हळूहळू खाली सोडला की स्प्रिंग हाताने निघते. ब्रेकच्या पाइपला ताण येत नाही ना, एवढं बघायचं. बुश (बोल्टभोवतीची रबरी नळी) असलेले बोल्ट मात्र गाडी हवेत लटकत असताना शेवटचे आवळू नका. चाकं जमिनीवर टेकवून, गाडी आपल्या उंचीवर आली की आवळा. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि वर्षात फाटतं. चाकाचे नट ८५ न्यूटन-मीटरला, टॉर्क पाना असेल तर. सकाळी आठला सुरू केलेलं काम संध्याकाळी सातला संपलं. मागची उंची चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजली तर बरोबर २ सेंटीमीटरने वाढलेली. दुसऱ्या दिवशी चाळीसच्या वेगाने कणकवलीला जाऊन अलाइनमेंट, ४०० रुपये. हेडलाइटची पातळीही तिथेच खाली घेतली.

पहिल्या महिन्यात हे लिहिलं असतं तर मागच्या स्प्रिंगांना शिव्या घातल्या असत्या. रिकाम्या गाडीत मागे बसलेले बाबा प्रत्येक गतिरोधकाला सीटवरून उठायचे. "ह्येच्यापरास बैलगाडी बरी," म्हणाले, आणि पुढे आठवडाभर देवळात चालत गेले. मग लक्षात आलं की आंब्याच्या वजनासाठी मागच्या टायरात वाढवून ठेवलेली हवा मी कधी कमी केलीच नव्हती. दारावरच्या स्टिकरप्रमाणे हवा ठेवली आणि निम्मा दणका गेला. उरलेला निम्मा स्प्रिंगचा, तो आहे. पण १० पेट्या घातल्या की ही गाडी मागच्या हंगामातली वाटतच नाही. नाक जमिनीशी समांतर, वळणावर लोळत नाही, पेंढ्यातला एक आंबा दबला नाही. चतुर्थीला कणकवली स्टेशनवरून पाच माणसं, त्यांच्या बॅगा आणि मखराचा थर्माकोल आणला, तेव्हा बाबा पुढच्या सीटवर घोरत होते. मुंबई-गोवा महामार्गावर आता जिथे काँक्रीट आहे तिथे पुढच्या शॉकअपची खरी मजा कळते. गाडी एकदाच दबते, एकदाच उठते, विषय संपला.

आता ते रबर.

डस्ट कव्हर म्हणजे शॉकअपच्या चकचकीत दांड्यावरची भात्यासारखी रबरी नळी. काम एकच, दांड्यावर धूळ बसू न देणं. दांडा सिलिंडरात जातो-येतो तिथे एक सील असतं, त्याच्या पातळ ओठाने दांड्यावरचं तेल आतच पुसलं जातं. कव्हर फाटलं की आमच्याकडची जांभ्याची लाल धूळ त्या तेलकट दांड्यावर बसते, पावसात तिचा चिखल होतो, वाळून पुन्हा धूळ होते, आणि प्रत्येक खड्ड्याला ती सीलखालून जाते. पॉलिशपेपर लावून ठेवल्यासारखं. देशावर कदाचित दोन वर्षं निभेल. इथे लाल माती, खारा वारा आणि चार महिने पाऊस.

आणि साडेअठरा हजारांच्या खोक्यात हे कव्हर नाही, कारण 'चित्र प्रातिनिधिक'. बाजारात एक १५० ला मिळतं. चारचे ६००. कंपनीने सेट १९,१०० ला विकला असता तर मी हू की चू केलं नसतं. शॉकअपवर सोनेरी अक्षरांचं चमकतं स्टिकर आहे, खोक्यात दोन स्टिकर वेगळी दिलीत काचेवर लावायला, एक कीचेन आहे. कीचेन! त्या कीचेनला कुठलं सील सांभाळायचंय?

दसऱ्याच्या आधी गाडी धुताना डाव्या पुढच्या चाकामागे हात गेला आणि बोटं काळी, तेलकट निघाली. आठ महिने, ९,००० किलोमीटर. मी लगेच कंपनीला लिहिलं: सील खराब, माल बोगस, वॉरंटी एक वर्षाची, नवा द्या. त्यांनी फोटो मागितले, फिटिंगचं बिल मागितलं. बिल कुठलं द्यायचं, आबांच्या सहीचं? तीन महिने मेलामेली. मध्ये त्यांनी फोटो पुन्हा मागितला, जवळून, दांड्याचा. त्यासाठी मी शॉकअप उतरवला आणि तेव्हा बघितलं की जुनं डस्ट कव्हर, जे मी पैसे वाचवायला परत चढवलं होतं, घडीवर अर्धं फाटलंय, आणि त्या फाटीवर मीच फेब्रुवारीत दोन केबल टाय मारलेत. विसरलो होतो. दांड्यावरून नख फिरवलं तर उभ्या बारीक रेघा नखाला लागत होत्या. उजवीकडचं कव्हर धड होतं, उजवा शॉकअप आजही कोरडा आहे. एकाच खोक्यातले दोन भाऊ.

म्हणजे माल बोगस नाही. ते मी कंपनीला लिहिलेलं नाही, इथे लिहितोय.

फोटो मात्र तसाच पाठवला, केबल टायसकट. लपवायला हवे होते असं बायको म्हणते.

एकच नवा शॉकअप ३,४०० ला घेतला, मजुरीच्या आकड्याला जेमतेम १०० कमी. शॉकअप जोडीने बदलतात, हे मला सांगू नका, मला माहीत आहे. उजवा ९,००० किलोमीटरचा आहे आणि कोरडा आहे. सोबत चारही डस्ट कव्हर आणि पुढचे दोन बंपस्टॉप नवे. यावेळी बोल्टांना ग्रीस लावलेलं असल्याने चारही शॉकअपचं काम दुपारच्या जेवणाआधी संपलं, आबांची खुर्ची सावलीत जायच्या आत. अलाइनमेंट पुन्हा ४००.

कॉम्प्रेसर अजून माझ्याकडेच आहे, मेकॅनिकने डिपॉझिट परत द्यायचं टाळलं म्हणून मीही तो परत द्यायचं टाळलं. देवगड, जामसंडे, कुणकेश्वर भागात कोणाला लागला तर न्या. एक हूक घासलेला आहे, तो वरच्या बाजूला लावू नका.