लघवीचं माप की एनगॅलची तपासणी?

विट्यात मुलांचा सहा खाटांचा आयसीयू सुरू करणाऱ्या मित्राचा फोन आला. "किडनीची इजा लवकर कळायला एनगॅलची सोय करू, की क्रिएटिनिन आणि लघवीच्या मापावर भागवू?" एनगॅल म्हणजे किडनीला इजा झाली की रक्तात आणि लघवीत वाढणारं प्रथिन; क्रिएटिनिन म्हणजे किडनी एरवी गाळून टाकते तो रक्तातला कचरा. म्हटलं, एनगॅलच्या कंपनीचं पत्रक आधी ड्रॉवरमध्ये टाक.

वेळेत एनगॅल पुढे. क्रिएटिनिन आळशी, इजा झाल्यावर वाढायला एक-दोन दिवस घेतं. लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियेनंतर एनगॅल दोन-चार तासांतच वर जातं. पण लघवीला कमी लेखू नये. आयसीयूतल्या मुलांच्या किडनीच्या इजेवरच्या 2017 च्या अवेअर या आंतरराष्ट्रीय अभ्यासात लघवी घटलेल्या मुलांपैकी 67 टक्क्यांची इजा नुसत्या क्रिएटिनिनवर नजरेतून सुटली असती!

खात्रीचं म्हणशील, तर सेप्सिसमध्ये (संसर्गाने अवयव बिघडू लागतात तेव्हा) आणि लघवीच्या संसर्गातही एनगॅल चढतं. मग आकडा नेमका कशाचा, हा घोळ राहतोच.

खर्चाबद्दल काय बोलायचं? एका बाजूला दरवेळचं किट, दुसऱ्या बाजूला एकदा घेतलेला वजनकाटा. कष्ट मात्र काट्याचेच जास्त. ओल्या डायपरमधून कोरड्याचं वजन वजा करायचं, एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली. 10 किलोच्या बाळाला सहा तासांत 30 मिलीही झाली नाही, तर डॉक्टरांना उठवायचं. पहाटे तीनला हे लिहून ठेवणारी सिस्टर हवी, खरी अडचण तीच.

मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया होतात तिथे, इजेची वेळ ठाऊक असल्याने, एनगॅल घ्यावं. विट्यात आधी काटा, तासागणिक तक्ता आणि रोजचं क्रिएटिनिन.