जुन्या ८०० मधली बेवारस वायर आणि साडेसहाशेचा वायर ट्रॅकर

आमची मारुती ८०० आहे, १९९७ची, कार्बोरेटरवाली. बाबांनी २००६ला सेकंडहँड घेतलेली. बाबा रोज चालवायचे तोवर कधी काही जाणवलं नाही पण आता गाडी आठवडा आठवडा उभी असते आणि उभी राहिली की बॅटरी झोपते. एका इलेक्ट्रिशियनने न मोजताच सांगितलं की सगळी वायरिंग नवीन टाका, मला ते अजिबात पटलं नाही, म्हणून मल्टिमीटर घेऊन स्वतःच बसलो.

बॅटरीची निगेटिव्ह काढून मधे मीटर लावला, १० अँपिअरच्या रेंजवर. चावी बंद, दारं बंद, तरी १६० मिलिअँपिअर! एवढ्या साध्या गाडीत २०-३० च्या वर काही जायला नको. हिशोब करा, दिवसाला जवळजवळ ४ अँपिअर-अवर, आणि बॅटरी आहे ३५ची, म्हणजे आठवड्यात स्टार्टर फिरणार नाहीच. मग एकेक फ्यूज काढत गेलो, सगळे काढले तरी आकडा जागचा हलेना. म्हणजे करंट फ्यूज बॉक्समधून जातच नव्हता. नीट बघितलं तर पॉझिटिव्ह टर्मिनलच्या नटाखाली एक लाल वायर नुसती पिळून दाबलेली, मधे फ्यूज नाही, आणि पुढे टेप गुंडाळलेल्या जुडग्यात गायब.

ती जाते कुठे हे शोधायला हा ट्रॅकर आणला, पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून, साडेसहाशे रुपये. मूळचा टेलिफोन आणि नेटवर्कच्या केबलसाठीचा. एक डबी वायरमधे टोन (आवाजाचा सिग्नल) सोडते आणि दुसऱ्या हातातला पेनासारखा प्रोब त्या वायरजवळ नेला की टुंईटुंई वाजतो, इन्सुलेशन सोलायला लागत नाही. जुन्या गाडीत हा फार मोठा फायदा आहे कारण वायरी कडक झालेल्या असतात, टोचून टोचून बघितलं की तिथेच पुढे हिरवा गंज धरतो.

पहिल्या दिवशी मात्र मी वैतागलो होतो, कारण जिथे प्रोब नेऊ तिथे आवाज! चूक माझी होती. बॅटरीची निगेटिव्ह काढली होती पण लाल वायर टर्मिनललाच ठेवली होती, मग टोन सगळ्या पॉझिटिव्ह लाईनमधे पसरला. वायर दोन्हीकडून मोकळी हवी, निदान एका टोकाला तरी. लाल क्लिप त्या वायरला, काळी क्लिप बॉडीला, आणि सेन्सिटिव्हिटीचं चाक कमी करत जायचं म्हणजे शेजारच्या वायरींचा आवाज मरतो आणि खरी तेवढी राहते. आणखी एक, त्या लाईनवर बल्ब असेल तर तो काढून ठेवा, फिलामेंटमधून टोन अर्थला जातो आणि आवाज बारीक होतो. हीच गोष्ट उलटी वापरता पण येते, दुसरं टोक सापडलं असं वाटलं की ते बॉडीला टेकवा, आवाज एकदम पडला तर वायर तीच.

आमची वायर डाव्या फेंडरच्या आतून, रबरी ग्रोमेटमधून केबिनमधे, कार्पेटखालून, मागच्या सीटखालून थेट डिकीत गेली. साईडच्या पुठ्ठ्यामागे एक रिले, म्हणजे बारीक करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. हात लावला तर कोमट! आधीच्या मालकाने कधीतरी अँप्लिफायर बसवला असणार, तो काढून नेला पण रिले राहिला, आणि त्याची ८६ नंबरची पिन (कॉईलची) आणि ३० नंबरची पिन (बॅटरीकडून येणारी) कुणीतरी एकत्र जोडून टाकलेल्या, त्यामुळे कॉईल चोवीस तास चालू. रिले काढला आणि आकडा १५ मिलिअँपिअरवर. मला इतका आनंद झाला की बाबांना खाली बोलावून मीटर दाखवला.

आता उणिवा. क्लिपचे दात कमकुवत आहेत, जाड वायरवरून सटकतात. ९ व्होल्टच्या दोन्ही बॅटऱ्या वेगळ्या घ्याव्या लागतात. स्पीकर बारीक आहे, रस्त्याच्या कडेला काही ऐकू येत नाही, इयरफोन लावून काम केलं. जाड पत्र्याच्या पोकळीत वायर शिरली की टोन हरवतो, ती बाहेर कुठे येते ते अंदाजाने धरायचं. आणि मुख्य म्हणजे हा फॉल्ट शोधत नाही, वायर कुठे जाते एवढंच सांगतो. करंट कुठे खातोय ते मीटरनेच काढायचं, आणि लोड देऊन, म्हणजे वायरमधून खरा करंट ओढून बघायला टेस्ट लॅम्प हवाच, कारण आतली एकच तार शिल्लक असलेल्या वायरवर पण मीटर १२ व्होल्ट दाखवतो. एअरबॅगवाल्या गाडीत पिवळ्या आवरणातल्या वायरींना तर क्लिप लावूच नका.

पण जुनी गाडी स्वतः सांभाळणाऱ्याने घ्यावाच असं मी म्हणेन. दुकानात एखादा वायरचा तुकडा लावून वाजवून घ्या. मी त्याच रविवारी इग्निशन कॉईलकडे जाणारी एक काळी वायर पण शोधली, ती निघाली चोर स्विचची, म्हणजे गाडी चोरीला जाऊ नये म्हणून लपवून बसवलेल्या स्विचची, डॅशखाली हात घातल्याशिवाय सापडणार नाही अशा जागी. वीस वर्षं गाडी आमच्याकडे आहे आणि बाबांना माहीत नव्हतं. ती मात्र काढली नाही, चांगला स्विच घालून चालू करून दिलीय.