ओडी (ओव्हरड्राफ्ट) अकाउंट ६ वर्षं वापरून : ५ पैकी अडीच स्टार (लिमिट काढून घेतल्यानंतरचा रिव्ह्यू)

बँकेचं नाव लिहीत नाही, अजून त्यांच्याच दारात हप्ते भरायचेत. कुपवाड एमआयडीसीत माझा बॉक्सचा छोटा कारखाना आहे, ८ कामगार, गिऱ्हाईक जास्त करून सांगली-तासगावचे बेदाणावाले. लिमिट १५ लाख. कागदावर त्याला सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे माल आणि येणं बघून दिलेली उचल) म्हणतात पण आम्ही सगळे ओडीच म्हणतो.

आधी चांगलं सांगतो. जेवढे वापरले तेवढ्यावरच व्याज, ॲप झकास, आरटीजीएस कधी अडकलं नाही. आमच्या धंद्यात क्राफ्ट पेपरचे (बॉक्सच्या तपकिरी कागदाचे) रीळ घेताना शेठ १५ दिवसांवर थांबत नाही आणि बॉक्सचे पैसे येतात बेदाणा विकला गेल्यावर, म्हणजे कधी ते देवालाच माहीत. मधल्या काळात ओडी नसेल तर कारखाना फेब्रुवारीतच बंद. ५ वर्षं मी या अकाउंटचं कौतुकच करत फिरायचो.

मग जूनमधला दुसरा शनिवार. पगाराचा दिवस आणि बँक बंद. आदल्या दिवशी १५ पैकी १४ लाख २० हजार वापरलेले, ॲपमध्ये अजून ८० हजार उचलता येत होते, सकाळी उघडलं तर उणे ८,२०,०००. म्हणलं ॲप गंडलंय, दोनदा लॉगआउट करून बघितलं, तेच. ना फोन, ना पत्र, रात्री ११ ला आलेला एक मेसेज तेवढा होता, डीपी (म्हणजे खरंच उचलता येणारी रक्कम) ६ लाख. दोन महिने साठलेली कटिंगची रद्दी त्याच दुपारी उचलायला लावली, ३१ हजार आले, त्यात निम्मे निम्मे पगार भागवले. सोमवारी रीळवाल्या शेठला दिलेला चेक बाउन्स. तो म्हणाला १३८ ची (चेक न वटल्याची कायदेशीर) नोटीस काढू का माल परत देतोस. एक रीळ परत नेलाच त्यानं.

ब्रँचमध्ये नवीन साहेब. 'वरून आलंय' म्हणाले. मी आवाज चढवला, त्यांनी शांतपणे माझंच स्टॉक स्टेटमेंट समोर ठेवलं, आणि इथं मला माझी चूक कबूल करावी लागेल. दर महिन्याला जे स्टेटमेंट द्यायचं असतं ते आम्ही मागच्याचीच कॉपी मारून, दोन आकडे बदलून पाठवत होतो. मार्चमध्ये लिमिटचं रिन्यूअल होतं, त्याचे कागद मी मे संपता संपता दिले, त्यावर त्यांचा माणूस येऊन रीळ मोजून गेला. आम्हाला वाटलं चहा प्यायला आलाय.

हिशोब असा निघाला. स्टॉक ५ लाख, त्यातला २ लाखाचा माल उधारीवरचा, तो वजा, राहिले ३. गिऱ्हाइकांकडून येणं १२ लाख, पण त्यातलं ७ लाख ९० दिवसांपेक्षा जुनं, ते आमच्या सँक्शनप्रमाणे (कर्जमंजुरीच्या अटींप्रमाणे) धरतच नाहीत, राहिले ५. एकूण ८, त्यावर २५ टक्के मार्जिन (आपण स्वतः घालायचा हिस्सा) गेलं की ६ लाख. ही डीपी म्हणजे ड्रॉइंग पॉवर. लिमिट १५ असो नाहीतर ५०, उचलायला मिळते ती डीपी. आणि सँक्शन लेटरमध्ये 'रिपेएबल ऑन डिमांड' (मागितलं की परत करायचं) छापलेलं होतं, ६ वर्षांत मी ते पान उघडलं नव्हतं.

म्हणजे आकडा त्यांचा बरोबर. पण अर्धं कर्ज एका रात्रीत बेकायदा असल्यासारखं दाखवायचं आणि वर शनिवार निवडायचा, याचे तीन स्टार मी कापले. आरबीआयच्या फेअर प्रॅक्टिस कोडमध्ये कर्ज परत मागण्याआधी नोटीस द्यायची असं आहे. साहेब म्हणाले आम्ही परत मागितलंच नाही, डीपी कमी केली. वकिली आहे सगळी.

पुढं काय केलं ते कोणाच्या कामाला येईल म्हणून सविस्तर लिहितो. अकाउंट डीपीच्या वर सलग ९० दिवस राहिलं की एनपीए (थकीत खातं) होतं, त्याआधी धोक्याचे शिक्के, ३० दिवसांवर एसएमए-१, ६० वर एसएमए-२. म्हणजे घड्याळ चालू झालंच होतं. पहिल्या आठवड्यात मी फोन टाळत होतो, ती सगळ्यात मूर्ख गोष्ट. सीएनं शिव्या घालून लेखी अर्ज द्यायला लावला : डीपीच्या वरची रक्कम मुदतीच्या कर्जात घालून हप्ते बांधून द्या. एमएसएमईसाठी (छोट्या-मध्यम उद्योगांसाठी) अडचणीतली खाती सावरायला आरबीआयचा १७ मार्च २०१६ चा फ्रेमवर्क आहे, २५ कोटीपर्यंतच्या कर्जाला, त्यात मालक स्वतः अर्ज करू शकतो, त्याचा उल्लेख टाकला आणि पोच शिक्क्यासकट घेतली. शिक्का बघितल्यावर साहेबांचं बोलणं बदललं हे मात्र खरं. आणि एक, हे 'रिस्ट्रक्चर' (अडचणीमुळे अटी बदललेलं कर्ज) म्हणून नोंदवणार का ते आधी विचारून घ्या, सिबिलला दिसतं.

वसुलीसाठी रोज सकाळी मार्केट यार्डात जाऊन बसायचो. एका बेदाणावाल्या अण्णांना म्हणलं, माझं उद्यम (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी) आहे, ४५ दिवसांच्या वर गेलं की आरबीआयच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज लागतं, समाधान पोर्टलवर (थकलेल्या बिलांच्या सरकारी साइटवर) तक्रार टाकू का. ते हसले, 'टाक की, पुढच्या हंगामात बॉक्स कुणाला विकतोस ते बघू.' टाकलं नाही. २ टक्के सोडतो म्हणलं तेव्हा तिघांनी मिळून ३ लाख ४० हजार दिले, सगळं जुन्या येण्यातलं.

त्याच काळात '१० मिनिटांत ३ लाख' वाल्यांचे दिवसाला चार फोन, ह्यांना बातमी कुठून लागते कळत नाही. व्याज विचारलं तर महिन्याचं सांगतात. नका घेऊ.

घरखर्चाचे पैसे दुसऱ्या बँकेतल्या सेव्हिंगमध्ये घ्या, ओडीत पडलेला रुपया परत निघत नाही. पण धंद्याचं कलेक्शन ओडीतच भरा, ते थांबवलं तर अकाउंट अजून बिघडतं.

शेवटी १४.२० लाखांमधले ३.४० भरले, ४.८० लाख ३६ हप्त्यांवर गेले, महिना साधारण १५,८००, आणि लिमिट आता ६ लाख. स्टेटमेंट तपासलं तर पीनल (दंडाचं) व्याज लावून त्यावर परत व्याज घेतलेलं. २०२४ पासून नवीन नियमानं दंड चार्ज म्हणून घ्यायचा, त्यावर व्याज नाही. बँकेच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल टाकला, ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर सीएमएस पोर्टलवर (आरबीआयच्या तक्रार साइटवर) लोकपालाकडे जातो असं लिहिलं, ते फुकट असतं. ९ व्या दिवशी २,३०० परत. या एका गोष्टीचा अर्धा स्टार परत दिला.

स्टॉक स्टेटमेंट आता मीच भरतो, दर ५ तारखेला रीळ मोजून. मागच्या महिन्यात त्या साहेबांची बदली झाली, घरसामान भरायला बॉक्स मिळतील का म्हणून फोन आला. फाईव्ह प्लायचे (पाच थरांचे) २५ दिले, बिलासकट. म्हणलं, साहेब, उधारी ९० दिवसांच्या वर गेली तर डीपीत धरत नाहीत. पैसे संध्याकाळी जीपेवर आले.