दोन रकानी रोकड वही, इतवारी (नागपूर): 11 महिन्यांचा वापर

लाल कापडी पुठ्ठा, दोन क्वायर म्हणजे 192 पानं, 190 रुपये. वापरणारी एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी आणि कॉलेजच्या सर्जरी इंटरेस्ट ग्रुपची खजिनदार. बिल करता करता काउंटरवरच्या काकांनी विचारलंच, "डॉक्टर होऊन हिशोब कायले लिहिता बापा?"

त्याला कारण आहे. आमचे 63 मेंबर, प्रत्येकी वर्गणी 200, म्हणजे वर्षाला 12,600. माझ्या आधीचा दादा हे पैसे स्वतःच्या रोजच्या खात्यात घ्यायचा. यूपीआयच्या यादीत वर्कशॉपची फी, मेसचं बिल आणि तर्री-पोहे एकाखाली एक. इंटर्नशिप सुरू झाली, फोन बदलला आणि माझ्या हातात एक एक्सेल शीट आली. तिच्यात 1,340 रुपये 'इतर' म्हणून पडलेले. दादा प्रामाणिक आहे, पण सभेत ज्युनियर्सनी विचारलं तेव्हा ना त्याला काही सांगता आलं, ना मला.

म्हणून वही. प्रत्येक पानाला छापील नंबर आहे, त्यामुळे पान फाडलं की लगेच कळतं. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, आणि दोन्हीकडे रोख व बँक असे वेगळे रकाने. काका 'सूट'चा तिसरा रकाना असलेली महागडी वही दाखवत होते. आपल्याला कोण सूट देतंय, ती घेऊ नका.

पहिले दोन महिने माझी शिल्लक काही जुळेना. एटीएममधून 2,000 काढले की मी ते खर्चात टाकायची, आणि त्याच पैशांनी सामान आणलं की पुन्हा खर्चात. शेवटी बाबांना फोन केला, त्यांचं वर्ध्याला किराणा दुकान आहे. ते म्हणाले, "अगं, पैसे घरातच आहेत ना, फक्त कपाट बदललं." म्हणजे उजवीकडे बँकेतून 2,000 गेले, डावीकडे रोखीत 2,000 आले, आणि दोन्हीकडे शेजारी 'कॉन्ट्रा' लिहायचं. बायोकेमिस्ट्रीपेक्षा हे लवकर समजलं.

बँक खातं माझ्याच नावावर आहे, फक्त ग्रुपसाठी वेगळं उघडलेलं. संस्था नोंदवायची तर 1860 च्या कायद्याने किमान सात जण लागतात. सात मिळाले असते हो, पण आमचे पदाधिकारी दरवर्षी बदलतात. दरवेळी कागद कोण करणार? पैसे माझ्या पॅनवर दिसतात, म्हणून महिन्याच्या शेवटी पासबुक आणि वही शेजारी ठेवून अध्यक्षाची सही घेतेच.

वहीचा खरा उपयोग मात्र वर्कशॉपच्या आधी कळला. एक एमआर, म्हणजे औषध कंपनीचे प्रतिनिधी, बॅनर आणि जेवणाचा खर्च उचलायला तयार होते. औषध कंपन्यांकडून भेटवस्तू आणि पाहुणचार घ्यायला डॉक्टरांना 2009 पासून मनाई आहे. "आपण कुठं अजून डॉक्टर झालो," एकाने वाद घातला. मी जमेच्या बाजूला पेन टेकवून म्हटलं, "सांग, तपशिलात काय लिहू?" बराच वेळ कोणी बोललं नाही. मग एका पुस्तकाच्या दुकानाकडून 3,000 घेतले, पावती देऊन. जेवण रद्द, चहा-समोसा.

आता तक्रारी. तपशिलाचा रकाना फारच अरुंद आहे. 'टाके सरावासाठी केळी दोन डझन, कातडीसकट चिकन लेग, 3-0 सिल्क' (टाक्यांचा रेशमी धागा) एवढं लिहायला तीन ओळी जातात. चिकनवाल्या भाऊंनी हिशोब वर्तमानपत्राच्या तुकड्यावर लिहून दिला होता. तो वाळवून चिकटवला, तर पान अजून वास मारतं. आणि जुलैच्या पावसात बॅग भिजली, पुठ्ठ्याचा लाल रंग ॲप्रनला लागला. वॉर्डात सिस्टर ओरडल्या, "रक्त कुणाचं?"

पाचपैकी चार. घेतलीच तर सोबत एक प्लास्टिकची पिशवी ठेवा, आणि जेल पेन अजिबात नको, शाई मागच्या पानावर उतरते.